नागपुरात बीपीओ सुरू करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात छोटं कॉल सेंटर किंवा बॅक ऑफिस काढू पाहणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो. हिशेब साधारण २० सीटच्या (सीट म्हणजे एका एजंटची कामाची जागा) सेंटरचा धरला आहे. ५०० सीटवाल्यांचं गणित वेगळं असतं आणि ते सांगायला त्यांच्याकडे पगारी माणसं असतात.

सुरुवात कुठून करायची? आधी ऑफिस की आधी काम?

आधी काम. भाड्याची जागा, २० कॉम्प्युटर, काचेचं केबिन, बाहेर बोर्ड, फेसबुकवर उद्घाटनाचे फोटो आणि मग "आता प्रोजेक्ट शोधू" असा क्रम लावणारे दर वर्षी दिसतात. पुढच्या वर्षी त्यांच्याच खुर्च्या ओएलएक्सवर दिसतात. रिकाम्या सीटलाही भाडं, वीज आणि इंटरनेट लागतं. कंपनीकडून लेखी होकार, म्हणजे निदान लेटर ऑफ इंटेंट, हातात आल्यावरच जागेचं ॲडव्हान्स द्या. कंपनीला सेंटर बघायचं असेल तर चालू सेंटरमधल्या चार-पाच सीट भाड्याने घेऊन पायलट, म्हणजे छोटी चाचणी, करता येतो. नागपुरात दिवसपाळी संपली की रिकाम्या राहणाऱ्या सीट कमी नाहीत.

भाऊ, मार्केटमध्ये तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. फॉर्म फिलिंग, डेटा एन्ट्री, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. घ्यायचा का?

नाही.

सगळ्यात जास्त पैसे याच प्रश्नात बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गणित असं असतं: तुम्ही "रजिस्ट्रेशन फी" किंवा "सिक्युरिटी डिपॉझिट" भरायचं. ते तुम्हाला पुसट स्कॅन केलेली पानं पाठवणार, तुम्ही ती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. स्टॅम्प पेपरवर करार असतो आणि त्यात एक ओळ असते, अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली गेली तर पेमेंट नाही. ९८ ऐकायला सोपं वाटतं. पण खालच्या बारीक अक्षरात असतं की फॉर्ममधला एक रकाना चुकला तर अख्खा फॉर्म चुकीचा धरायचा. एका फॉर्ममध्ये ३० रकाने असतील तर १०० पैकी ९८ फॉर्म बरोबर यायला साधारण दर १५०० रकान्यांत एकच चूक चालते. स्वल्पविरामानंतरची स्पेस, पत्त्यातली टिंबं, सगळं "चूक" म्हणून मोजतात. तपासणारेही तेच, रिपोर्ट देणारेही तेच. महिनाअखेरीस ८०-९० टक्क्यांचा रिपोर्ट येतो, पैसे शून्य. तुम्ही आवाज केला तर उलट वकिलाची नोटीस येते की करार मोडल्याबद्दल तुम्हीच भरपाई द्या.

काम देणारी खरी कंपनी कामाचे पैसे देते, घेत नाही. एवढी एकच चाचणी लावा. मध्ये दलाल असेल तर त्याचं कमिशन तुमच्या बिलाचे पैसे आल्यावर त्यातून जातं, आधी नाही. आणि मूळ कंपनीशी बोलणं करून द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर त्याच्या हातात प्रोजेक्टच नसतो.

अडकलाच असाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे ट्रान्सफर होऊन जितके कमी तास झाले तितकी ते गोठवता येण्याची शक्यता जास्त. नोटिशीला घाबरून आणखी पैसे भरू नका.

मग खरं काम मिळतं कुठून?

पहिलं काम जवळपास नेहमी ओळखीतून येतं. मोठ्या बीपीओत टीम लीडर किंवा ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून काम केलेला माणूस बाहेर पडतो आणि जुन्या क्लायंटचा छोटा तुकडा घेऊन येतो, हा सगळ्यात सरळ रस्ता. तुम्ही स्वतः या धंद्यात नसाल तर असा भागीदार शोधा. नुसते पैसे लावून बीपीओ चालत नाही.

दुसरा रस्ता गावातलाच आहे आणि लोक तो सोडून अमेरिकेकडे बघत बसतात. हॉस्पिटलं, डायग्नोस्टिक लॅब, कोचिंग क्लास, बिल्डर, सहकारी बँका, दुचाकी-ट्रॅक्टरचे डीलर, बियाणं आणि खतांच्या कंपन्या या सगळ्यांना फोन उचलणारी, आठवण करणारी, अपॉइंटमेंट देणारी माणसं हवी असतात. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर सकाळी १० वाजता उभं राहून बघा, किती कॉल न उचलता सुटतात ते. पाच सीटचं काम तिथूनच सुरू होऊ शकतं.

नागपूरच का? पुण्यात क्लायंट जास्त नाहीत का?

क्लायंट तिकडे असू द्या, काम इकडे करा. नागपूरकर मराठी माणूस हिंदी सहज बोलतो, त्यामुळे एकाच एजंटकडून हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचं काम होतं. भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूरची मुलं शिकायला इथे येतात आणि इथेच नोकरी शोधतात. भाडं आणि पगार पुण्या-मुंबईपेक्षा कमी. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्रा आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे. अशा नावांमुळे बाहेरच्या क्लायंटला नागपूर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तोटाही तोच: तुम्ही शिकवून तयार केलेला चांगला इंग्रजी बोलणारा पोरगा तिकडेच जातो.

मिहानमध्ये जागा घेतली तर टॅक्स वाचतो ना?

मिहानमध्ये एसईझेड म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. एसईझेडमधल्या नव्या युनिटला आयकराची सूट मिळायची ती २०२० मध्येच बंद झाली. एसटीपीआयची (केंद्राच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची) जुनी आयकर सूट तर २०११ मध्ये संपली. एसईझेडचे बाकीचे फायदे निर्यात करणाऱ्यांसाठी आहेत. देशी हिंदी प्रोसेससाठी (प्रोसेस म्हणजे क्लायंटने दिलेलं एक काम) तिथे जाऊन काही मिळत नाही, उलट एजंटला यायला लांब पडतं.

सरकार सीटमागे १ लाख रुपये देतं म्हणे?

द्यायचं. इंडिया बीपीओ प्रमोशन स्कीम नावाची केंद्राची योजना होती, एसटीपीआयमार्फत. भांडवली खर्चाच्या निम्मी आणि सीटमागे जास्तीत जास्त १ लाख अशी मदत होती. ती मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. आजही त्या नावाने "फाइल करून देतो" म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना चहा पाजून पाठवून द्या.

जागा बघताना काय बघायचं?

पोहोचणं. सीताबर्डीच्या आसपास असेल तर मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे मिळतात, चारही दिशांची पोरं येतात. फ्लॅटमध्ये सेंटर थाटू नका. सोसायटी भांडते, वीज कनेक्शन घरगुती असतं आणि क्लायंट ऑडिटला आला की पहिल्याच दारात नापास करतो.

वीज: २० कॉम्प्युटर म्हणजे साधारण ३ किलोवॉट, दीड टनाचे तीन एसी म्हणजे आणखी ५. थ्री फेज आणि १० किलोवॉट मंजूर भार असलेली जागा घ्या, नाही तर मे महिन्यात रोज एमसीबी पडेल. कॉम्प्युटर यूपीएसवर, एसी नाही.

नागपूरच आहे, कूलरवर भागणार नाही का?

पैसे वाचतात हे खरं. पण कॉलिंग फ्लोअरवर कूलर ठेवला की त्याची घरघर हेडसेटमधून ग्राहकाला ऐकू जाते. रेकॉर्डिंग ऐकताना वाटतं एजंट पिठाच्या गिरणीत बसलाय. शिवाय दमट हवेने हेडसेटचे फोम आणि कीबोर्ड लवकर जातात. बॅक ऑफिसचं काम असेल, बोलणं नसेल, तर ठीक आहे. कॉलिंगला एसीच.

इंटरनेट किती स्पीडचं घ्यायचं?

लोक ३०० एमबीपीएसच्या जाहिरातीला भुलतात. एका चालू कॉलला दोन्ही बाजूंनी जेमतेम १०० केबीपीएस लागतं, म्हणजे २० जणांच्या बोलण्याला २ एमबीपीएस पुरतं. दुखणं वेगाचं नसतं, लाइन स्थिर असण्याचं असतं. आवाज तुटतो तो वाटेत डेटाची पॅकेट गळाल्यामुळे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या, आणि त्या खरंच वेगवेगळ्या रस्त्याने येतात का ते बघा. कुठे रस्ता खोदला की एकाच खांबावरच्या दोन्ही केबल एकदमच जातात. डायलर (आपोआप नंबर लावणारं सॉफ्टवेअर) म्हणून व्हीआयसीआयडायल हा फुकट मिळणारा पर्याय चांगला चालतो, मात्र तो सांभाळणारा माणूस हवा.

प्रत्यक्षात नफा किती उरतो?

उदाहरण घेऊ. समजा क्लायंट सीटमागे महिन्याला २६,००० रुपये देतो. २० सीट, म्हणजे ५,२०,००० आणि वर जीएसटी. एजंटवर पीएफ, ईएसआय धरून १६,००० खर्च, म्हणजे ३,२०,०००. टीम लीडर २८,०००, एमआयएस (रोजच्या आकड्यांचे रिपोर्ट) आणि क्वालिटी बघणारा एक जण २२,०००. भाडं, वीज, इंटरनेट, चहापाणी ७०,०००. डायलर आणि देखभाल २०,०००. एकूण ४,६०,०००. हातात ६०,०००.

आता खरी गोष्ट. क्लायंट सीटचे पैसे देत नाही, हजर सीटच्या लॉगिन तासांचे देतो. हजेरी ९० टक्के राहिली, म्हणजे रोज २० पैकी २ जण आले नाहीत, तर बिल ४,६८,००० वर येतं. रजा भरपगारी असेल तर खर्च तोच. साठ हजारांचे आठ हजार झाले. या धंद्यात मालकाने रोज सकाळी पहिलं काय बघावं, तर हजेरी. सेल्स, क्वालिटी नंतर.

नागपुरात हजेरीचं कॅलेंडरही ठरलेलं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, महाल-इतवारीकडची पोरं येत नाहीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, तो परिसर गजबजलेला. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आणि मोर्चे, सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद. विद्यापीठाच्या परीक्षा वेगळ्याच. क्लायंटला हे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा आणि त्या दिवसांचं रोस्टर महिनाभर आधी लावा. ऐनवेळी सांगितलं तर दंड, आधी सांगितलं तर नियोजन.

भांडवल किती लागेल?

कॉम्प्युटर-टेबलाचा खर्च सगळे धरतात, पगाराचा धरत नाहीत. वरच्याच उदाहरणात काम १ एप्रिलला सुरू झालं असं धरा. एप्रिलचं बिल मेच्या सुरुवातीला जाईल, ४५ दिवसांनी, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे येतील. तोवर एप्रिल आणि मेचे पगार दिले, तीन महिन्यांचं भाडं-वीज गेलं, आधीच्या पंधरवड्याच्या ट्रेनिंगचा पगार गेला. आणि जीएसटी! क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत, १८ टक्के म्हणजे दरमहा ९३,६०० रुपये (खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट वजा जाता) पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारला भरावे लागतात. पहिला रुपया येईपर्यंत १३-१४ लाख बाहेर गेलेले असतात, सामान सोडून. एवढी सोय नसेल तर १० सीटने सुरुवात करा. टीडीएसही कापून येतो, कॉल सेंटरला तो २ टक्के. क्लायंटच्या अकाउंट्सने १० टक्के कापला तर लगेच भांडा, कारण परतावा मिळायला रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं.

क्लायंट पैसे लांबवतो. काय करावं?

उद्यम नोंदणी पहिल्याच दिवशी करून घ्या, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे आणि तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. शिवाय मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. मार्च महिन्यात नम्रपणे ही आठवण करून दिली की चेक निघतात, असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. तक्रार मात्र शेवटचं हत्यार. ती केली की तो क्लायंट गेला असं समजा.

परवाने कोणते?

कंपनी किंवा एलएलपी, पॅन-टॅन, जीएसटी, गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी), व्यवसाय कर, १० माणसांवर ईएसआय, २० वर पीएफ. १० किंवा जास्त कर्मचारी झाले की लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि ती कागदावर ठेवू नका, कारण या धंद्यात मुली मोठ्या संख्येने असतात. हे सगळं सीए महिनाभरात करून देतो.

डॉटचं, म्हणजे दूरसंचार विभागाचं, कॉल सेंटरसाठीचं ओएसपी लायसन्स?

आता नोंदणी लागत नाही. नोव्हेंबर २०२० आणि मग जून २०२१ मध्ये नियम सैल झाले, नोंदणी आणि बँक गॅरंटी दोन्ही गेल्या. पण फोन लाइन परवानाधारक कंपनीचीच हवी. परदेशी कॉल सिम बॉक्स (एकदम अनेक सिमकार्डं चालवणारं यंत्र) लावून देशी म्हणून उतरवणं हा सरळ गुन्हा आहे.

आउटबाउंड कॉलिंग साध्या सिमकार्डांवरून केलं तर?

करू नका. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, बँका-विम्याचे सेवेचे कॉल १६०० च्या मालिकेतून, तेही डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या व्यावसायिक कॉल-मेसेज नोंदणी व्यवस्थेवर) नोंदणी करून. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केले: १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी नंबरवर कारवाई होते. कर्जवसुलीचं काम घेतलं तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कॉल नाही, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. वसुली एजंटला डीआरएचं (डेट रिकव्हरी एजंट) प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, पदवीधराला ५० तास, इतरांना १००. वसुलीत पैसा बरा आहे, पण एका एजंटची एक शिवी रेकॉर्ड झाली तर प्रोसेस जाते.

१०० कॉल येणार असतील तर किती माणसं ठेवायची?

तासाला १०० कॉल, प्रत्येक ५ मिनिटांचा. म्हणजे ५०० मिनिटांचं बोलणं, ६० ने भागलं तर आठ-नऊ माणसं. इथेच नवखे थांबतात. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, एकदम सहा येतात आणि मग दोन मिनिटं शांतता. ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे असतील तर १२ जण फोनवर हवेत. त्यात जेवण, ट्रेनिंग, सुट्ट्या, दांड्या मिळून ३० टक्के वेळ जातो असं धरा, म्हणजे पगारावर १७-१८. कोटेशन ९ माणसांचं दिलं तर पहिल्याच महिन्यात फसाल.

मुलं टिकत नाहीत. काय करायचं?

पूर्ण थांबणार नाही. कोणाची पोलीस भरती निघते, कोणाची एमपीएससी, कोणाचं लग्न. भरतीची तयारी करणारे पहाटे मैदानावर पळतात, त्यांना दुपारची पाळी द्या, टिकतात. पगार ७ तारखेच्या आत, एकदाही चुकवू नका. इन्सेंटिव्हचा हिशेब असा ठेवा की एजंटला स्वतः मोबाइलवर मांडता आला पाहिजे. आणि टीम लीडर नीट निवडा. पोरगा कंपनी सोडतो असं म्हणतो, पण बहुतेक वेळा तो टीम लीडरला सोडत असतो. बारावी पास चालतो का, असंही विचारतात. बिनधास्त चालतो. मुलाखतीत मार्कशीट बाजूला ठेवा आणि त्याला सांगा, "मी चिडलेला ग्राहक आहे, माझा सिलेंडर चार दिवसांपासून आला नाही, बोल." दोन मिनिटांत कळतं.

रात्रपाळी आणि मुली?

महाराष्ट्राच्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी ७ या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही, आणि दिलं तर सुरक्षा आणि घरापर्यंत वाहन मालकाची जबाबदारी. रात्री मेट्रो नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं काम म्हणजे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहापासून पहाटे साडेतीनपर्यंत, हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे जातात आणि पाळी तासाने पुढे सरकते. कॅबचा खर्च दर ठरवतानाच धरा. ब्रिटनचं काम उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेदहा, हिवाळ्यात तासाने उशिरा, नवख्याला ते झेपतं. आणि अमेरिकन लोकांना "टेक सपोर्ट" किंवा "रिफंड" म्हणून कॉल करायची प्रोसेस कोणी दुप्पट दराने दिली तर ती फसवणुकीची असते, पोलीस दारात येतील एवढं धरून चाला.

डेटाचं काय?

फ्लोअरवर मोबाइल, पेन, कागद बंद. यूएसबी बंद. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. कायद्याने जबाबदारी मुख्यतः क्लायंटवर असली तरी तो करारात ती तुमच्या गळ्यात घालतो, म्हणून भरपाईचं कलम वकिलाकडून वाचून घ्या आणि त्याला वर्षाच्या बिलाएवढी मर्यादा मागा.

एआयमुळे हा धंदाच संपणार नाही का?

"तुमचा बॅलन्स इतका आहे" छापाचे कॉल जातील, किंबहुना जात आहेत. नुसती टायपिंगची कामं तर आधीच गेली. राहतं ते काम जिथे समोरचा चिडलेला, गोंधळलेला किंवा म्हातारा आहे आणि अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी बोलतो आहे. माझं मत विचाराल तर आज नुसत्या डेटा एन्ट्रीवर नवीन सेंटर उभं करू नये. हॉस्पिटल, विमा क्लेम, शेतीसल्ला, तक्रार निवारण अशी डोकं लागणारी प्रोसेस धरावी.

बंद करायची वेळ आली तर?

करारातला नोटीस काळ पाळा, बहुतेक ठिकाणी ३० ते ९० दिवस असतो. क्लायंटचा डेटा पुसल्याचं लेखी द्या आणि पोच घ्या, शेवटचं बिल त्याशिवाय निघत नाही. मुलांचे पगार, पीएफ पूर्ण करा. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम रिटर्न भरावं लागतं, ते राहिलं तर दंड चालू राहतो. कॉम्प्युटर विकण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या.